बाद फेरीत शूटआउट नसतं

हॉकी ईस्ट या अमेरिकी विद्यापीठांच्या आइस हॉकी स्पर्धेच्या अंतिम फेरीत बरोबरी झाली तर पाच मिनिटं तीन विरुद्ध तीन आणि मग शूटआउट, असं एका लेखात म्हटलंय. तो नियम साखळी सामन्यांचा. मार्चमधल्या बाद फेरीत पूर्ण वीस मिनिटांचा जादा डाव असतो, पाच विरुद्ध पाच. पहिला गोल झाला की सामना संपला. नाहीच झाला, तर बर्फावर झांबोनी (बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र) फिरवून पुन्हा वीस मिनिटं.

याला अंत नसतो. २०१५ मध्ये याच स्पर्धेत मॅसॅच्युसेट्सने नोत्र दामला ४-३ हरवलं ते पाचव्या जादा डावात, १५१ मिनिटं ४२ सेकंदांनी!

पहिल्या जादा डावात नीट बघा. बाजू बदललेल्या असल्याने आपल्या बदली खेळाडूंचा बाक आपल्या गोलपासून लांब पडतो. एरवी चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत खेळाडू बदलतात. इथे बचावपटू अडकले की मिनिटभर बाहेर येता येत नाही. पाय जड, त्यात डाव सरत आला की बर्फ खरवडलेला, पक (खेळायची रबरी चकती) उड्या मारतो, सरळ पासही काठीवर बसत नाही. म्हणून अनुभवी प्रशिक्षक तेव्हा नक्षीकाम सोडून पक नुसता गोलकडे मारायला सांगतात. गोल बहुधा गर्दीतून, कुणाच्या तरी स्केटला लागूनच होतो.

बाकी मेनने २०२५ मध्ये कनेटिकटला ५-२ हरवून २००४ नंतर प्रथमच लामोरिएलो चषक, म्हणजे हॉकी ईस्टचं विजेतेपद, जिंकला, तोही निर्धारित वेळेतच. तेवढं त्या लेखात बरोबर आहे.