मूळपुरुषाचा बाप आणि जेवणाचं कूपन

गेल्या रविवारी आमच्या कुलसंमेलनात मला जेवणाचं कूपन नाकारलं गेलं. कारण आमच्या मूळपुरुषाच्या वडिलांचं नाव नक्की नाही. ते वडील जाऊन अडीचशे वर्षं झाली, श्रीखंड मात्र माझं गेलं.

प्रकरण थोडक्यात असं. आमचे मूळपुरुष कोकणातून घाट चढून देशावर आले, कारकुनी केली आणि तिथंच रुजले. पेशवाईत निम्म्या कोकणाने हाच उद्योग केला. पण ते चिरंजीव कुणाचे? छापील जुना कुलवृत्तांत म्हणतो, विसाजींचे. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांची वही म्हणते, त्रिंबकांचे. आता वृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय, तेव्हा संपादक मंडळाने नामी तोड काढली. बाप ठरेपर्यंत आमची अख्खी शाखा उचलून शेवटच्या परिशिष्टात टाकली. परिशिष्टाचं नाव ‘संबंध न लागलेली घराणी’.

हे मला कळवायची तसदी कुणी घेतली नाही. कळलं ते कूपनाच्या टेबलापाशी.

टेबलामागे एक काका होते. छातीवर ‘स्वागत समिती’चा बिल्ला, समोर तीन रंगांची कूपनं, बोट ओलं करायला स्पंजाची डबी.

“घराणं क्रमांक?”

“सात.”

काकांनी यादीवर फूटपट्टी ठेवली, खाली सरकवत नेली, परत वर आणली. “सातावर इंदूरवाले आहेत.”

“जुन्या पुस्तकात सातावर आम्ही होतो.”

“जुन्या पुस्तकात पुष्कळ काय काय होतं. मूळपुरुष कोण तुमचे?”

मी नाव सांगितलं.

“त्यांचे वडील?”

“त्याचाच तर वाद आहे.”

“वाद नको, नाव सांगा. यादी वडिलांच्या नावावर लावलीय.”

“विसाजी किंवा त्रिंबक.”

काकांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, परत घातला. “किंवा? अहो, बँकेत छत्तीस वर्षं काढली मी. आयदर ऑर सर्व्हायव्हर खात्यालासुद्धा दोन्ही नावं पक्की लागतात.”

“काका, मी तुमच्यासमोर उभा आहे. म्हणजे मूळपुरुषांना कुणीतरी बाप असणारच.”

“असणार! मी कुठे नाही म्हणतोय? पण कोणता, ते लेखी आणा.”

“आणि तोवर जेवण?”

“परिशिष्टाची पंगत दुसरी. त्यांना पांढरं कूपन.” त्यांनी गठ्ठा उचलून पाहिला. “पांढरी संपली.”

माझ्यामागे रांगेत एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, दे ना त्याला. नाक बघ त्याचं, अगदी आमच्या बापूंचं.”

“नाकावर कूपन देत नाही, काकू,” काका शांतपणे म्हणाले. मग त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. हा गृहस्थ उद्धट असता तर भांडता तरी आलं असतं! पाणी पिऊन होईपर्यंत ते थांबले आणि टेबलावरून वाकून कुजबुजले, “तुम्ही विसाजीच सांगून टाका. विसाजींत पानं कमी बसलीत. एक जागा आहे.”

सांगायला हरकत नव्हती. पण आधीचे कितीतरी महिने मी याच दोन नावांपायी वाया घालवले होते. श्रीखंडासाठी एका बापाला वाऱ्यावर सोडणं जिवावर आलं.

नाशिकला त्या वहीत मी स्वतः बोट ठेवलंय. उपाध्यायांनी आधी आडनाव विचारलं, मग मूळ गाव, आणि कापडात गुंडाळलेली लांबट वही काढून मांडीवर घेतली. पाणिपतानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतली ती नोंद. काळी शाई तपकिरी पडलेली, एका अक्षरावर पाण्याचा थेंब पडून ते पसरलेलं. थेंब गोदावरीचा असावा असं मी भाबडेपणाने म्हणालो. उपाध्याय म्हणाले, “चहाचा आहे. माझ्या आजोबांचा.”

नोंद मोडीत. मोडीची गंमत अशी की तिला ह्रस्व-दीर्घाचं सोयरसुतक नाही आणि दोन शब्दांत जागा सोडायची रीत नाही. आधी आडवी रेघ मारायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत सुटायचं. त्यात कागद सरकारी दप्तरातला असला तर साल सुहूर सनातलं, म्हणजे मराठेशाहीच्या कारभारातल्या कालगणनेतलं, आणि तेही आकड्यात नाही, अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला बदलतं. झालं १७६०-६१. पाणिपतावर लाखभर माणूस पडलं ते हे साल, आणि मी कॅल्क्युलेटर घेऊन मृग कधी लागतो ते बघत बसलेलो. बायको म्हणाली, एवढं लक्ष आपल्या लाइट बिलाकडे दिलं असतं तर!

शेवटी एक कागद सापडला. अर्थातच भांडणाचा. सुखाने नांदणारी माणसं मागे काही लिहून ठेवत नाहीत. आमच्या कुळात भाऊबंदकी नसती तर आमचा एक कपटा उरला नसता. वतनातल्या हिश्श्याचा कज्जा, आणि त्यात भाऊबंदांची तक्रार अशी की हा विसाजीचा लेक, त्रिंबकाच्या ओटीत घातलेला, याला वाटा कसला? दत्तक! दत्तक गेलेला मुलगा तीर्थावर बाप म्हणून दत्तक बापाचंच नाव सांगणार, म्हणून वहीत त्रिंबक. कुलवृत्तांत भरला घरोघरच्या ऐकीव माहितीवर, तिथे जन्मदाता लोकांच्या तोंडी राहिला, म्हणून विसाजी. दोन्ही कागद खरे. मला वाटलं, संपादक उठून मिठी मारतील.

संपादक म्हणाले, “दत्तक म्हटलं की पंचाईत.”

कारण विसाजींचे आजचे वंशज म्हणतात, दिलेला पोर आमच्यात कशाला? आणि त्रिंबकांच्या भावाचे वंशज म्हणतात, हा रक्ताचा नव्हे. ज्या तक्रारीवर तेव्हा कज्जा झाला तीच आज व्हॉट्सॲपवर चालू आहे. फरक इतकाच की तेव्हा जमिनीवरून होती, आता पान नंबरावरून.

मी म्हटलं, “अहो, बडोद्याचे सयाजीराव दत्तक, कवळाण्याचे गोपाळराव. कोल्हापूरचे शाहू महाराज दत्तक, कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. झाशीच्या दामोदररावाचं मूळ नाव आनंदराव. दत्तक काढून टाकले तर इतिहासात उरतं काय?”

“त्यांच्याकडे संस्थानं होती,” संपादक म्हणाले. “तुमच्याकडे काय आहे?”

यावर उत्तर नव्हतं. राग होता, आणि तो कूपनाचा नव्हता. एका बाईने आमच्या मूळपुरुषाला जन्म दिला, पोटचं पोर दुसरीच्या ओटीत घातलं, दुसरीने वाढवलं. दोघींची नावं कुठल्याच कागदावर नाहीत. वृत्तांतात दोन्ही ठिकाणी ‘पत्नी : माहिती उपलब्ध नाही’. आईचं नाव लिहायची पद्धत असती तर माझे कितीतरी महिने वाचले असते. सरकारने १ मे २०२४पासून जन्मलेल्यांना सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावणं बंधनकारक केलंय. आमचे मूळपुरुष जरा घाईने जन्मले. संपादकांना मात्र तेही मानवत नाही. नव्या आवृत्तीत माझ्या मुलीपाशी रेघ थांबते, तिच्या मुलांना रकाना नाही. देणगीसाठी फोन मात्र तिलाही आला होता.

माझ्या परीने मी तोडगा काढला. धर्मशास्त्रात दोन्ही बापांचा मुलगा मानण्याची सोय आहे, त्याला द्व्यामुष्यायण म्हणतात. तो दोघांनाही पिंड देतो. तेव्हा आमच्या मूळपुरुषाला दोन्ही पानांवर घ्या, खाली एक ओळीची टीप द्या, असं सविस्तर पत्र कागदाच्या फोटोसकट संपादकांना पाठवलं. परवा उत्तर आलं. वर हात जोडलेला इमोजी, खाली मजकूर : ‘माहितीपूर्ण. परंतु शब्द लांब आहे, रकान्यात बसत नाही. थोडक्यात काही सुचवावे. आगाऊ नोंदणीचे बाराशे रुपये अद्याप आलेले नाहीत.’