‘द इरेझर’ लॅपटॉपने केलेला नाही

रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचा गायक थॉम यॉर्क याचा एकट्याच्या नावावरचा पहिला अल्बम ‘द इरेझर’ जुलै २००६मध्ये आला. तेव्हापासून एक मत हातोहात फिरतंय : बँडला कंटाळून तो बाजूला झाला, गिटार टाकली, लॅपटॉपने ताल काढून दिले आणि त्यावर तो थंडपणे पुटपुटला. मला हे मत पटत नाही, आणि सलतंही.

बँडला कंटाळून? शीर्षकगीत ज्या पियानोच्या सुरावटींवर उभं आहे, त्या रेडिओहेडच्याच जॉनी ग्रीनवुडच्या. यॉर्कने त्या टिपून घेतल्या, तुकडे केले आणि नव्याने जुळवल्या. याच अल्बममधल्या ‘ब्लॅक स्वान’च्या तालात बँडमधल्याच एड ओब्रायन आणि फिल सेल्वे यांचं २०००मधलं वाजवणं आहे. ‘सोलो’ हा शब्द खुद्द यॉर्कलाच नको होता. पुढच्याच वर्षी, २००७मध्ये, रेडिओहेडचा ‘इन रेनबोज’ आला. फुटलेल्या बँडची ही लक्षणं नव्हेत.

गिटार टाकल्याचं म्हणाल, तर रेडिओहेडचा ‘किड ए’ हा अल्बम २०००चा. तिथलं ‘इडिओटेक’ हे गाणं संगीतकार पॉल लॅन्स्कीच्या संगणकावर रचलेल्या संगीताच्या एका तुकड्यावर उभं आहे. म्हणजे ही वाट सहा वर्षं जुनी. शिवाय ‘ब्लॅक स्वान’मध्ये गिटार स्पष्ट ऐकू येते.

पण खरा राग येतो तो ‘थंड’ या शब्दाचा. याच अल्बममधलं ‘हॅरोडाउन हिल’ ऐकलंय का? ऑक्सफर्डशायरमधली ही खरी जागा. जुलै २००३मध्ये तिथल्या झाडीत डॉ. डेव्हिड केली यांचा मृतदेह सापडला. ते ब्रिटिश सरकारचे जैविक अस्त्रांचे तज्ज्ञ. इराकच्या शस्त्रांबद्दलच्या सरकारी दाव्यांवर शंका घेणाऱ्या बीबीसीच्या बातमीमागे तेच असल्याचं उघड झालं होतं. चौकशीने आत्महत्या म्हटलं. गाण्यातला माणूस मात्र विचारत राहतो, की आपण पडलो की ढकलले गेलो. सुरुवातीला बास गिटारची घरंगळणारी ओळ, मग मागून दाटत जाणारे सूर, आणि वर यॉर्कचा आवाज : कोरडा, प्रतिध्वनीचं पांघरूण न घेतलेला, कानाशी आलेला. आपण लिहिलेलं हे सगळ्यांत संतापलेलं गाणं, असं तो म्हणाला होता. निर्माता नायजेल गॉडरिचने हा आवाज इतका पुढे ठेवलाय, की श्वास घेतलेलासुद्धा कळतो. यात पुटपुटणं कुठे आहे?

राहिला लॅपटॉप. तो होताच, नाकारायचं कारण नाही. पण कुठला तुकडा घ्यायचा, कुठे कापायचा, कितीदा फिरवायचा, हे कान ठरवतो. ऑक्टोबर २००९मध्ये लॉस एंजेलिसच्या रंगमंचावर यॉर्क आणि गॉडरिच यांनी हा अख्खा अल्बम माणसांकडून वाजवून घेतला : बासवर फ्ली, ड्रमवर जोई वॉरोन्कर आणि तालवाद्यांवर ब्राझीलचा माउरो रेफोस्को. पडद्यावर जुळवलेले ते ताल त्या रात्री घामाने भिजलेल्या हातांतून आले, आणि गाणी तीच राहिली.