सोडायचाच होता, तर पकडला कशाला?

हा प्रश्न माझा नाही. सांगलीहून माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला आहे आणि त्याला भराभर अंगठे मिळाले आहेत. झालं एवढंच, की ऑगस्टच्या बँक हॉलिडेला जोडून रजा टाकली, आम्ही इंग्लंडातल्या हेरफर्डच्या वरच्या अंगाला वाय नदीवर गेलो, तिथे मला एक बरा बार्बेल (इथला नदीतला मासा) गळाला लागला आणि पाण्यात सोडण्यापूर्वी काढलेला त्याचा फोटो मी हौसेने ग्रुपवर टाकला. वहिनींनी विचारलं, "कालवण केलंत का?" म्हटलं, नाही, सोडला. तिथून पेटलं. मावशीला माशाची दया आली. दर रविवारी बाजारातून मरळ आणणाऱ्या काकांनाही आली. शेवटी दादाने निकाल दिला: "तिकडे तुम्ही टाइमपास म्हणून माशांचे ओठ फाडता, इकडे भोयांनी जाळी लावून कृष्णा रिकामी केली. दोन्हीवर बंदी आणली पाहिजे."

बंदी! आपल्याकडे वादाची गाडी कुठूनही सुटो, शेवटचं स्टेशन ठरलेलं.

आधी ओठांचं बोलू. इथे बार्बेलसाठी जो गळ वापरतात त्याला उलटा काटा नसतो. आमिष गळात खोचत नाहीत. गळाच्या मागे केसाएवढ्या दोऱ्याला एक पेलेट, म्हणजे आमिषाची गोळी, ओवलेलं असतं. मासा ते तळावरून ओढून घेतो आणि गळ खालच्या जाड, चिवट ओठात बसतो. मासा काठाशी आला की जाळीत घ्यायचा, पण जाळी पाण्यातच ठेवायची. गळ चिमट्याने निघतो, बऱ्याचदा आपोआपच सुटलेला असतो. खरं काम त्याच्यापुढे. बार्बेल दमेपर्यंत झुंजतो, हातचं राखून ठेवणं त्याला माहीत नाही. तसाच फेकून दिला तर उलटा होऊन वाहत जाईल आणि मरेल. म्हणून प्रवाहाकडे तोंड करून त्याला दोन्ही हातांत नुसतं धरून उभं राहायचं. कल्ले हलतायत, पाणी आत-बाहेर होतंय, आणि आपण वाकून कंबर धरली तरी हलायचं नाही. मग कधीतरी शेपटीत जोर आल्याचं हाताला कळतं आणि तो जातो. उन्हाळ्यात पाणी 20 अंशांच्या वर गेलं की पुष्कळजण रॉड घरीच ठेवतात, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि सोडलेला मासा सावरत नाही.

कालवणाचंही सांगून टाकतो. इंग्लंडच्या नदीतला 20 सेंटीमीटरपेक्षा मोठा बार्बेल घरी न्यायला कायद्यानेच मनाई आहे. शिवाय त्याची गाबोळी विषारी असते. खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी हैराण व्हाल, वहिनी.

यावर दादाने स्वित्झर्लंड शोधून काढलं. तिथे सोडून द्यायच्या इराद्याने मासा धरणंच बेकायदा आहे, पकडायचा तर खाण्यासाठी. खरं आहे. पण दादाला स्वित्झर्लंड नेमकं माझ्या फोटोखाली आठवतं, सांगलीच्या शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत जाताना आठवत नाही. मासा मजेत असतो असं माझं म्हणणं नाहीच. त्याला त्रास होतो, तो मी देतो, आणि माझ्या आनंदासाठी देतो. हे कबूल करूनच मी नदीवर जातो. ताटातल्या माशाला त्रास झाला नव्हता असं मानणाऱ्यांनी मात्र मला अहिंसा शिकवू नये.

आनंद कसला, हे ग्रुपवर लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितो. त्या दिवशी संध्याकाळी काठावरच्या विलोच्या सावलीखाली, जिथे खडी संपून पाणी खोल होतं, तिथे फीडर (आमिष भरलेली छोटी पिंजरी) टाकून बसलो होतो. रॉड स्टँडवर, टोक आकाशाकडे, बेल नाही की काही नाही. टोक मधून मधून थरथरतं, म्हणजे वाहून आलेलं शेवाळ दोऱ्याला लागतंय. शेजारी चहाचा फ्लास्क आणि टेस्कोचं मील डील. बार्बेलचं लागणं मात्र थरथरीचं नसतंच. रॉड एकाएकी अर्धी वाकते आणि रीळ किंचाळत सुटतं. हात मध्ये पोचला नाही तर रॉड नदीत. चालू सीझनमध्ये एकदा जरी हे अनुभवलं, की ऑफिसातल्या मीटिंगा वर्षभर सहन होतात. जाळीत आला तेव्हा उतरत्या उन्हात अंग कांस्याच्या रंगाचं, पर पोवळ्यासारखे, वरच्या ओठाला चार मिशा, तोंड खाली वळलेलं. हे तोंड खडी चाळायला दिलेलं आहे. बघता बघता वाटलं, हा आपला खडसच की! खवले बारीक, अंग निमुळतं, एवढाच फरक.

वाटण्यात काही चूक नाही, दोघे एकाच कुळातले आहेत. दख्खनच्या खडसाला, म्हणजे महसीरला, शास्त्रात पहिल्यांदा नाव दिलं ते कर्नल साइक्सने, 1839 साली, आणि त्याने त्याला बार्बस याच गणात घातलं होतं. मासा मिळाला होता पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. मुळा-मुठेत! आज त्या नदीचे काठ सुशोभित करावेत की राखावेत यावर पुण्यात मोर्चे निघतात, कोर्टकज्जे होतात, दोन्ही बाजूंची माणसं तळमळीने बोलतात. पण या नदीतल्या माशाने जगभरच्या शास्त्रज्ञांना एक जात दिली, हे त्या भांडणात माझ्या तरी कानावर कधी आलं नाही. आरती होते, चुनरी नेसवली जाते, नदीला आई म्हटलं जातं. आईच्या पोटात काय आहे, याची चौकशी कोणी करत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, दादा. ज्याचा गळ पाण्यात असतो, त्याचंच पाण्याकडे लक्ष असतं. वायची आजची पातळी किती, गढूळपणा किती, हे मी बर्मिंगहॅमच्या बसमध्ये फोनवर बघतो. माझ्यासारखे हजारो बघतात. नदीत शेवाळ वाढलं तेव्हा आरडाओरडा सुरू केला तो याच लोकांनी आणि काठावरच्या रहिवाशांनी. वायच्या खोऱ्यात दोन कोटींच्या घरात कोंबड्या आहेत. त्यांचं खत शेतांवर पसरतं, त्यातलं फॉस्फेट पावसाने नदीत येतं, हिरवं पाणी होतं, पाणवनस्पती गुदमरतात. स्वयंसेवक बाटल्या घेऊन पाणी तपासत हिंडतात. 2023 मध्ये सरकारी निसर्गखात्यानेच या नदीची प्रकृती "प्रतिकूल, आणि ढासळती" असल्याचं जाहीर केलं. वायला मिळणाऱ्या लग नदीचा काठ एका शेतकऱ्याने बुलडोझर घालून खरवडला, तर त्याला तुरुंगात जावं लागलं. आपल्याकडे काठ खरवडला तर उद्घाटन होतं.

आता दादा म्हणेल, मग तुमची नदी मरतेच आहे ना? मरते आहे. इंग्लंडच्या नद्यांत आणि समुद्रात 2023 या एका वर्षात 36 लाख तास मैलापाणी सोडलं गेलं, हा आकडा मी त्याला स्वतःहून पाठवला नसता, त्यानेच मला पाठवला. पण निदान ते तास कोणीतरी मोजतंय. शेरीनाल्याचे तास कोण मोजतंय? उन्हाळ्याच्या तोंडाशी कृष्णेत, पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडतो, माणसं पाट्या भरभरून घेऊन जातात, नमुने घेतले जातात, कारखान्याच्या मळीवर संशय येतो, आणि मग पाऊस पडतो. आयर्विन पुलाची पातळी मात्र सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असते: 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 ला 57 च्या वर गेलं होतं, तेव्हा मी इथे रात्रभर जागून तोच आकडा बघत होतो. आम्हाला नदी आठवते ती घरात शिरली की. इथेही 2020 च्या फेब्रुवारीत वाय हेरफर्डला 6 मीटरच्या वर चढली होती, घरं बुडाली; पण पाणी उतरलं तशी माणसं पुन्हा खडी बघायला काठावर आली.

दादाकडे एक हुकमी पान होतं, ते त्याने टाकलंच. वाळण कोंडीचे मासे, तिळशाचे मासे. देवाचे मासे, त्यांना कोणी हात लावत नाही, लोक लाह्या-फुटाणे टाकतात आणि हातभर खडस काठाशी येतात. ही आपली संस्कृती, तुम्ही आम्हाला काय सांगता! मी लहानपणी तिळशाला वैतरणेवर ते मासे पाहिलेत, अंगावर काटा आला होता. पण खडस डोहातला देव नाही, प्रवाशी मासा आहे. पावसाळ्यात अंडी घालायला तो वर चढतो, आणि देवस्थानाची हद्द कुठे संपते ते त्याला ठाऊक नसतं. वर बंधारा, खाली वाळूउपसा, मध्ये एक पवित्र डोह. तेवढ्या डोहात आपलं सगळं पुण्य मावलं.

कावेरीचं उदाहरण मी त्याला दिलं. तिथले, मासा धरून सोडून देण्याचे, गळाचे कॅम्प अभयारण्याच्या कायद्याने बंद झाले. कॅम्पवर गाईड म्हणून जी माणसं होती, त्यांतले काही पूर्वी चोरून मासे मारणारेच होते. पगार मिळाला तशी तीच माणसं राखणदार झाली होती. कॅम्प गेले, पगार गेला. मी एवढंच सांगितलं. पुढचं नाही सांगितलं: गळवाल्यांच्या हौसेसाठी कावेरीत लोणावळ्याच्या हॅचरीतला आपला दख्खनी खडस सोडला गेला, तो फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर हटत हटत 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त यादीत जाऊन बसला. भांडणात सगळी पानं दाखवायची नसतात, हे मी दादाकडूनच शिकलोय.

आणि इकडची ही नदी तरी कोणाची? वायचा काठ ज्याचा, गळ टाकण्याचा हक्क त्याचा, मधल्या धारेपर्यंत. मी रॉड लायसन्स काढतो, वर त्या दिवसाचं तिकीट काढतो, कुंपणावरून पाय टाकतो आणि सूर्यास्तानंतर तासाभरात निघतो, कारण तिकिटावर तसं छापलंय. सांगलीच्या माईघाटावर उतरायला मला कधी कोणी तिकीट विचारलं नाही. तिकडे नदी सगळ्यांची, म्हणून कोणाचीच नाही. हे वाक्य मी इथल्या मित्रांना ऐकवतो तेव्हा ते माना डोलावतात, आणि मला आतून थोडं लाजल्यासारखं होतं. आपल्या घरची उणीदुणी परक्यांत चांगल्या इंग्रजीत सांगितल्यासारखं.

रात्री पबमध्ये एक म्हातारा सामनवाला, म्हणजे सामन (सॅल्मन) मासा धरणारा, भेटला. वायवर सामन उरलेत नावाला, आता सापडला तरी सोडणं सक्तीचं आहे, तरी तो येतोच. मी काय धरलं विचारलं. बार्बेल म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. बार्बेल या नदीचा नाही, म्हणाला. बरोबर आहे त्याचं. बार्बेल मूळचा पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचा, थेम्सचा, ट्रेंटचा. सेव्हर्नमध्ये 1956 साली केनेट नदीतून आणून सोडला, आणि वायमध्ये नंतर कोणीतरी गुपचूप. "आमच्या माशांची अंडी खातात. कुठून कुठून आणून सोडतात आणि मग..." इथे त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर आली आणि वाक्य अडलं. त्याचे कान लाल झाले. मग त्याने घाईघाईने मला एक पाइंट पाजला आणि आम्ही अर्धा तास हवेवर बोललो.

मला राग आला नाही. खरं म्हणजे मी त्या माणसाच्याच बाजूचा आहे, आणि तेच मला टोचतं. उद्या कृष्णेत चिलापी का भरली असं कोणी विचारलं तर मीही तावातावाने हेच सांगेन, बाहेरून आणून सोडली म्हणून.

ग्रुपवर हे काही लिहिलं नाही. तिथे मी फक्त एवढं विचारलं: कृष्णा भोयांनी रिकामी केली म्हणतोस, तर धरणं कोणी बांधली, मळी कोणी सोडली, नाला कोणाच्या घरांचा? जाळं टाकून चार पाट्या विकणारा माणूस तर मासे संपले की सगळ्यांत आधी उपाशी राहतो. कृष्णेत काय होतं आणि काय उरलंय, याची हजेरी त्याच्या एकट्याच्या डोक्यात असेल. त्याला विचारलंस कधी?

15 मार्च ते 15 जून इथल्या नद्यांवर बार्बेलसारख्या माशांसाठी गळ टाकायला बंदी असते (बंदी, दादा, पण माशांच्या विणीसाठी, आणि तारीख लावून). तेव्हा मी एप्रिलमध्ये सांगलीला येतोय. रॉड आणणार नाही. मला जाळं टाकणाऱ्या एखाद्या माणसाबरोबर पहाटे नदीवर जायचंय, वाम, शिंगाडा, खडस, जे काय येईल ते बघायचंय. दादाला म्हटलं, तुझ्या ओळखीचं कोणी असेल तर सांगून ठेव. दादाची हयात विष्णू घाटापासून हाकेच्या अंतरावर गेली. त्याचं उत्तर आलं: "भोयांत कोण ओळखीचं असणार रे आपल्या?"

मीही फोनमधले नंबर वरपासून खालपर्यंत चाळले. हेरफर्डच्या आमिषवाल्याचा नंबर आहे. सांगलीतला एकही नाही. वहिनी म्हणाल्या, मंडईत मासे घेऊन एक मावशी बसतात, त्यांना विचारून बघते.