आधी हिरवा होऊ दे

माझ्या गेमिंग कंप्युटरच्या दिव्यांना १,६७,७७,२१६ रंग येतात. घरच्यांना त्यातले दोनच ओळखू येतात: लाल, आणि "बंद कर ते आधी".

लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. गुणाकार केला की हा आकडा निघतो. इंदूरच्या जेलरोडवरच्या दुकानदाराने गुणाकार केला नव्हता. तो एवढंच म्हणाला, "भिया, गेम में गोली चलेगी तो कमरा चमकेगा. सब सिंक है." सिंक होतं, पण ज्याचं त्याच्याशीच. मदरबोर्डचं सॉफ्टवेअर वेगळं, रॅमचं वेगळं, कीबोर्डचं तिसरंच, आणि माउस तर आधी ईमेल मागतो. माउसला याचा ईमेल कशाला हवा, असं बाबांनी विचारलं. कंप्युटरच्या बाबतीत आमचं एकमत झालं ते तेवढंच.

ही सगळी मंडळी एकदम चालू असतात आणि रॅमच्या त्याच दिव्यांवर हक्क सांगतात. एकाने निळा केला की दुसरा इंद्रधनुष्य सोडतो. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून डायनॅमिक लाइटिंग नावाची, दिवे सांभाळणारी सोय आहे, त्यात कुणाचा हुकूम आधी चालेल हे यादी वर-खाली सरकवून ठरवता येतं. फक्त ती पद्धत मानणाऱ्या वस्तूंपुरतंच. माझी रॅम मानत नाही.

पंख्यांच्या दिव्यांचं प्रकरण माझ्या मावसभावाने निस्तरलं. तीन पिनांचं कनेक्शन ५ व्होल्टचं, चार पिनांचं १२ व्होल्टचं. पाचवाल्याला बारा दिले की एलईडी जळालेच समजा. एरवी शेवेच्या पुडीवरची तारीखसुद्धा न बघणारा हा गडी मोबाइल दातांत धरून, पालथा पडून, त्या उजेडात मॅन्युअल वाचत होता. मध्येच काहीतरी बोलला. तोंडात मोबाइल असल्यामुळे तीन म्हणाला की चार, ते कुणालाच कळलं नाही.

गेमशी जुळवणं मात्र खरंच हुशारीचं आहे. काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेमच्या फोल्डरमध्ये एक छोटीशी फाइल टाकली की गेम आतल्या बातम्या बाहेर द्यायला लागतो: जीव किती उरला, गोळ्या किती, बॉम्ब पेरला गेला का. त्या ऐकून सॉफ्टवेअर कीबोर्ड रंगवतं. मी हिशोब असा लावलाय की धडधाकट असलो तर हिरवा, अर्धमेला तर पिवळा, शेवटचे श्वास लाल. ज्या गेममध्ये ही सोय नाही तिथे सॉफ्टवेअर स्क्रीनवरचे रंग उचलून दिव्यांत सोडतं, आणि मग गेम कोणता नि काम कोणतं हे ते बघत नाही. बाबांनी एक्सेल उघडलं की खोली पांढरीफटक पडते.

आता मुद्द्याचं. खेळताना कीबोर्डकडे बघायला फुरसत कुणाला आहे? जीव किती उरला ते स्क्रीनवर आकड्यात लिहिलेलं असतंच. मग हा थाट बघतं कोण? तर मागे पलंगावर जप करत बसलेली आजी.

स्क्रीन तिला तिथून दिसत नाही, पण रंग दिसतात, आणि ते तिला आता माझ्यापेक्षा चांगले वाचता येतात. "पिवळा झालायस, जपून." बॉम्ब पेरला गेला की कीबोर्ड लुकलुकायला लागतो, फुटायला ४० सेकंद असतात. आजीच्या हातातली माळ थांबते आणि ती ओरडते, "पळ रे, पळ!" माइक चालूच असतो. परवा तिची सत्संगाची वेळ होती, तर टीममधल्या एकाने विचारलं, "भिया, आज दादी नहीं है क्या?" त्या दिवशी आम्ही सपाटून हरलो.

आईला यातलं काही पटत नाही. तिच्या मते माझ्या कंप्युटरचं कॅबिनेट म्हणजे अनंत चतुर्दशीला निघणारी हुकुमचंद मिलची झांकी, दिव्यांनी लखलखणारा चित्ररथ. मिल १९९१ मध्ये बंद पडली, झांकी अजून निघते. आणि इथेही कंप्युटर बंद केला तरी रॅम रात्रभर झगमगतेच. बंद असतानाही मदरबोर्डला थोडी वीज मिळत असते, तिच्यावर हा उत्सव चालतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या आतल्या सेटिंगांत, एक सेटिंग बदललं की थांबतो, हे मी आईला सांगून बसलो. लगेच ती कमरेवर हात ठेवून दारात उभी. "मग आत्ताच्या आत्ता बदल. ऊठ."

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "थांब गं जरा, लाल आहे तो. आधी हिरवा होऊ दे."