चौरस फूट नको, जाळ्या मोजा
सेंट्रल एसीची हवा खोल्यांत नेणाऱ्या डक्टच्या, म्हणजे हवेच्या नळांच्या, सफाईचा खर्च घराच्या चौरस फुटांवर ठरतो असं एका लेखात म्हटलंय, ते अर्धंच खरं. हिशेब जाळ्यांचा असतो: हवा सोडणाऱ्या किती, परत ओढणाऱ्या किती, आणि माणसाचा हात तिथवर पोचतो का. आमच्या फॉल्स सीलिंगला आत हात घालायला झडपच नव्हती. ती कापण्यातच अर्धा दिवस गेला, मजुरी वाढली ती तिथेच. पत्र्याच्या डक्टमध्ये फिरता ब्रश बिनधास्त चालतो, फ्लेक्सिबल (मऊ, वाकणारा) डक्ट मात्र त्याने फाटू शकतो, म्हणून वेळ जास्त लागतो. ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) आणि कॉइल (हवा थंड करणारी नळी) यांची सफाई रकमेत धरलीय का, हे आधीच विचारा. आणि ‘बुरशी आहे’ म्हणून कोणी रक्कम फुगवली तर आधी दाखव म्हणावं! आमची ‘बुरशी’ कोरड्या फडक्याने निघाली. नुसती काजळी होती.