झोपाळ्याचा कॉपीराइट

घर बांधायचं तर आधी भूमिपूजन, अशी माझी समजूत होती. मेहुण्याच्या मते आधी वकील. मेहुण्यानं स्वतः घर बांधलेलं नाही, त्यामुळे या विषयावर तो फार अधिकारानं बोलतो.

वाईजवळ पाच गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट आणि एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर हिनं काढलेलं घर, एवढी आमची तयारी. मधोमध चौक, ओसरीवर झोपाळा. आर्किटेक्टही मनात ठरला होता. त्यानं पाठवलेला दोन पानी करार घेऊन आम्ही वकीलसाहेबांसमोर बसलो.

"नोंदणी बघितलीत त्यांची?"

मी म्हटलं, "ऑफिस बघितलं. छान आहे."

1972 च्या कायद्याप्रमाणे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. ऑफिसातल्या बोन्सायचा त्या कायद्यात विचार झालेला नाही.

"फी खर्चाच्या टक्क्यांत आहे. म्हणजे त्यांनी संगमरवर सुचवला की तुमचा खर्च वाढला आणि त्यांची फीसुद्धा. बरं, खर्च कुठला? अंदाजपत्रकातला की शेवटी होईल तो? झोपाळ्याच्या कड्या धरून की सोडून?"

"कड्या आमच्या जुन्या घरातल्या आहेत, पितळी," ही म्हणाली. "आजेसासूबाईंच्या."

साहेबांनी लिहिलं : मालकाने पुरवलेले साहित्य.

मग 'देखरेख' या शब्दावर बराच वेळ गेला. मला वाटत होतं, आर्किटेक्ट उन्हात उभा राहून सिमेंटच्या गोण्या मोजेल. तसं नसतं म्हणे. तो अधूनमधून येऊन काम नकाशाबरहुकूम चाललंय का ते बघतो. गोण्या मोजायला माणूस वेगळा. तो माणूस कोण, हे दोघांनीही माझ्याकडे बघून ठरवलं.

"भांडण झालं तर लवाद पुण्यात की वाईत?"

"अहो, अजून चहासुद्धा झाला नाही त्यांच्याबरोबर!"

"म्हणूनच आत्ता विचारतोय. नंतर जागेवरूनही भांडाल."

शेवटी नकाशे. कॉपीराइट कायद्यात ती कलाकृती धरतात. करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर हक्क सहसा काढणाऱ्याचा. आर्किटेक्ट मध्येच सोडून गेला तर त्याच्याच नकाशांवर पुढचं घर बांधता येईल, हे आधीच लिहून घ्यायचं. माझ्या पैशांचं घर, माझ्या प्लॉटवर आणि चित्र त्याचं! मी तणतणलो.

साहेबांनी लग्नपत्रिका उचलली. "हे कुणी काढलं?"

"मी," ही म्हणाली.

"मग या चित्रावर हक्क वहिनींचा. हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षं."

हिनं पत्रिका त्यांच्या हातून काढून घेऊन पर्समध्ये ठेवली. चेन लावली. मग खुर्ची पुढे ओढली.

नवा मसुदा आता सात पानी आहे. आर्किटेक्टनं तो वाचला, साहेबांचा नंबर मागितला आणि आपल्या सगळ्या ग्राहकांसाठी हाच वापरावा म्हणतोय. करारात पक्ष तीन : आर्किटेक्ट, मूळ संकल्पनाकार आणि 'रक्कम अदा करणारा'. माझं नाव पाचव्या पानावर येतं.