बाबांचा डोळा ठणठणीत आहे

आज संध्याकाळी 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या काउबॉय पिक्चरची नवी डिस्क लावली, बाबांना मुद्दाम शेजारी बसवलं. दहा मिनिटं झाली असतील, बाबा चष्मा काढून पुसायला लागले, मग म्हणाले, "डोळा परत बिघडला का रे?" तीन महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांचं. डोळा ठणठणीत आहे हो, ती डिस्कच पिवळी आहे! स्पेनमधलं आभाळ हळदीच्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखं दिसतंय. डोकंच फिरलं माझं.

आधीच्या डिस्कवर पिवळं नव्हतं, तर चेहरे मेणाचे होते. दिग्दर्शक लिओनीच्या पिक्चरमध्ये चेहरा हाच देखावा असतो, घाम, धूळ, दाढीचे खुंट, फुटलेले ओठ, ते सगळं घासून गुळगुळीत. ग्रेन, म्हणजे फिल्मचा तो बारीक दाणा, ही काही घाण नाही. हा पिक्चर टेक्निस्कोप नावाच्या पद्धतीने शूट केलाय, एका फ्रेमला फिल्मच्या कडेची चारऐवजी दोनच छिद्रं, निम्म्या फिल्मवर एवढं रुंद चित्र, मग दाणा मोठा दिसणारच की! तो पुसायला गेलात तर कातडीपण जाते सोबत.

१९९२ साली आम्ही व्हीसीआर भाड्याने आणून हाच पिक्चर बघितला होता. शेवटचा कब्रस्तानातला सीन, तिघं समोरासमोर, आणि आमच्या चौकोनी टीव्हीत बसवायला बाजू छाटलेल्या, त्यामुळे दिसायचे दोनच. बाबांनी तो थेटरात पाहिलेला. ते उठले आणि टीव्हीच्या डावीकडे भिंतीवर तळहात टेकवून म्हणाले, "इथं तिसरा उभाय, ध्यानात ठेव." चित्र सरकलं की हात उचलून उजवीकडच्या भिंतीवर.

तर कबूल, आता तिघंही दिसतात, एवढं झालंय.

पण आवाज? १९६६चा पिक्चर, मूळ आवाज मोनो, म्हणजे सगळा एकाच ट्रॅकवर. गोळी सुटली की दगडावर आपटून लांब शीळ घालत जायची. आता पाच स्पीकर भरायचेत म्हणून कुठल्यातरी नव्या बंदुकांचे धाडधाड आवाज चिकटवलेत. नंतर जोडलेल्या सीन्समध्ये त्या तिघांपैकी ईस्टवूड आणि एलाय वॉलॅक या नटांनी सत्तरी उलटल्यावर डबिंग केलंय, तरण्या चेहऱ्यातून म्हाताऱ्याचा आवाज येतो, आणि तिसरा, ली व्हॅन क्लीफ, १९८९लाच गेला, त्याच्या तोंडी चक्क दुसऱ्याचा आवाज. ज्यांना हे चालतं त्यांनी खुशाल बघावं, पण मूळ मोनो मेनूच्या तळाशी का लपवता, तो आधी द्या ना.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. भिंतीवर हात ठेवून पोराला न दिसणारा माणूस दाखवणारा बाप आज स्वतःच्या डोळ्यावर संशय घेत बसला, ते मात्र सहन होत नाहीये.

कपाट उपसून जुनी डीव्हीडी काढली, मोनोवर लावलीय. रंग फिके आहेत, आभाळ निळं आहे. साडेदहा वाजून गेलेत, बाबांची झोपायची वेळ टळलीय, पण कब्रस्तान आल्याशिवाय उठणार नाही म्हणतायत.